लेप्टॉन सार्वत्रिकता: ०.८४६ हा आकडा कुठे गेला?

गंगापूररोडकर

मार्च २०२१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील एलएचसीबी या प्रयोगाने, इलेक्ट्रॉन आणि म्युऑन हे दोन कण सारखेच वागतात का याविषयीचा एक निकाल जाहीर केला आणि त्यानंतर महिन्याभरातच आमच्या इथल्या छोट्या विज्ञानमंडळात मी त्यावर व्याख्यान दिले. टाळेबंदीचे दिवस होते, त्यामुळे श्रोते आपापल्या घरी आणि मी गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत, असा तो प्रकार झाला. शेवटच्या पारदर्शिकेवर ०.८४६ हा एकच आकडा ठळक लिहिला होता आणि त्या उत्साहात 'निसर्गाचे पाचवे बल उंबऱ्यावर येऊन थांबले आहे', अशा अर्थाचे एक वाक्य मी बोलून गेलो. तेव्हा अकरावीत असलेली आणि आता एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी गेल्या आठवड्यात भेटली आणि तिने सरळ विचारले, "सर, त्या आकड्याचे पुढे काय झाले?" तो आकडा डिसेंबर २०२२ मध्येच मागे पडला, हे मला ठाऊक होते; पण तो नेमका का मागे पडला, हे मला तिला उभ्या उभ्या नीट सांगता आले नाही. घरी येऊन मूळ शोधनिबंध पुन्हा वाचले. त्यातून जे समजले ते इथे मांडतो. चुकत असेन तिथे जाणकारांनी थांबवावे.

प्रश्न असा आहे. इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ हे तीन विद्युतभारित लेप्टॉन आहेत. तिघांचा विद्युतभार सारखा, फिरकी सारखी. फरक केवळ वजनाचा. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड आहे आणि टाऊ जवळपास ३,४७७ पट. म्युऑन १९३६-३७ च्या सुमारास वैश्विक किरणांत सापडला, तेव्हा इसिडोर राबी यांनी 'हा कोणी मागवला?' असे विचारल्याचे सांगतात, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आजही कोणाकडे नाही. टाऊ १९७५ मध्ये मार्टिन पर्ल यांच्या गटाला स्टॅनफर्डला सापडला. आपल्या आजच्या सिद्धांतानुसार, म्हणजे स्टँडर्ड मॉडेलनुसार, विद्युतचुंबकीय आणि क्षीण बल या तिघांशी अगदी सारख्याच जोराने वागतात. यालाच लेप्टॉन सार्वत्रिकता म्हणतात. क्षीण बलाचा वाहक असलेल्या झेड बोसॉनच्या बाबतीत हे फार काटेकोरपणे तपासले गेले आहे: त्याचा इलेक्ट्रॉन, म्युऑन किंवा टाऊ यांच्या जोडीत क्षय होण्याचे प्रमाण प्रत्येकी सुमारे ३.३७ टक्के आहे आणि त्यांतील फरक हजारात दोन-तीनांच्या अनिश्चिततेतही सापडत नाही.

मग बी मेसॉनकडे का जायचे? बी मेसॉनमध्ये एक जड बॉटम क्वार्क किंवा त्याचा प्रतिकण असतो. त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या साडेपाचपटीहून थोडे अधिक आणि आयुष्य सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या दीडपट, म्हणजे सुमारे १.६ पिकोसेकंद. हा बॉटम क्वार्क स्ट्रेंज क्वार्कमध्ये बदलून सोबत दोन लेप्टॉन देऊ शकतो, परंतु स्टँडर्ड मॉडेलमध्ये त्याला सरळ वाट नाही. डब्ल्यू बोसॉन आणि टॉप क्वार्क यांच्या क्षणिक वळशातूनच त्याला जावे लागते. त्यामुळे विद्युतभारित बी मेसॉनचा केऑन (स्ट्रेंज क्वार्क असलेला हलका मेसॉन) आणि दोन म्युऑन असा क्षय साधारण वीस लाखांत एकदा घडतो. मेन रोडवर संध्याकाळी सहा वाजता कोणाचे पाऊल वाजले तर कळत नाही. तेच रात्री दोन वाजता वाजले तर वरच्या मजल्यावरचा माणूसही जागा होतो. नेहमीची वाट जवळपास बंद असल्यामुळे एखाद्या अज्ञात जड कणाचा अगदी किरकोळ हातभारही अशा क्षयात दिसू शकतो.

अडचण अशी की, केवळ क्षयाचे प्रमाण मोजून भागत नाही. बी मेसॉनच्या आत क्वार्कना बांधून ठेवणारे तीव्र बल इतके गुंतागुंतीचे आहे की, अपेक्षित प्रमाणच चोख काढता येत नाही. म्हणून म्युऑनवाल्या क्षयाला इलेक्ट्रॉनवाल्या क्षयाने भागतात. तीव्र बलाला लेप्टॉन कोणता आहे याच्याशी देणेघेणे नसल्यामुळे तो गुंता अंश आणि छेद या दोन्ही ठिकाणी सारखाच येतो आणि निघून जातो. उरलेले गुणोत्तर, ज्याला आर-के म्हणतात, ते ठरावीक ऊर्जेच्या पट्ट्यात एक टक्क्याच्या आत १ असायला हवे.

एलएचसीबीने २०१४ मध्ये ते ०.७४५ मोजले, अपेक्षेपासून २.६ सिग्मा (सिग्मा म्हणजे अनिश्चिततेचे एकक) दूर. २०१७ मध्ये त्याच्या भावंडाचे, म्हणजे उत्तेजित केऑनच्या क्षयाचे गुणोत्तर ०.७ च्या आसपास आले. २०२१ मध्ये अधिक विदेसह आर-के ०.८४६ आले आणि अंतर ३.१ सिग्मांवर गेले. म्हणजे म्युऑन सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी. आणि २० डिसेंबर २०२२ रोजी त्याच विदेच्या नव्या विश्लेषणात आर-के ०.९४९ आणि उत्तेजित केऑनचे गुणोत्तर १.०२७ आले. अनिश्चितता लक्षात घेता दोन्ही आकडे १ शी सुसंगत आहेत.

विदा तीच, २०११ ते २०१८ या काळातली. मग मधल्या पावणेदोन वर्षांत बदलले काय?

निफाडकर

सर, लेख आवडला, पण एका गोष्टीने मी अडखळलो. मी शेतकरी माणूस, बी.एस्सी. अर्धवट. २०२१ च्या त्या निकालातले मोजलेले क्षय किती होते, हे मी शोधून पाहिले. म्युऑनवाले सुमारे ३,८५० आणि इलेक्ट्रॉनवाले सुमारे १,६४०. म्हणजे म्युऑन दुपटीहून जास्त! आणि निष्कर्ष काय, तर म्युऑन पंधरा टक्के कमी आहेत. आमच्याकडे कोणी असा हिशेब दाखवला तर आम्ही त्याला ओट्यावरून उतरू देणार नाही.

गंगापूररोडकर

निफाडकर, तुम्ही बरोबर त्याच जागी बोट ठेवले आहे. संपूर्ण कथेचे मर्म त्या दोन आकड्यांत आहे, आणि माझ्या व्याख्यानात मी ते दोन आकडे सांगितलेच नव्हते, ही माझी खरी चूक.

म्युऑन यंत्राला दिसायला सोपा आहे. तो जड असल्यामुळे वाटेतल्या पदार्थांतून फारसा न अडखळता जातो. एलएचसीबीच्या अगदी मागच्या भागात प्रत्येकी ८० सेंटिमीटर जाडीच्या लोखंडी भिंती आहेत. त्या ओलांडून जो विद्युतभारित कण पलीकडच्या कक्षांत पोहोचतो तो बहुतेक वेळा म्युऑनच असतो.

इलेक्ट्रॉनचे तसे नाही. तो हलका आहे, त्यामुळे शोधकयंत्राच्या पत्र्यांतून, तारांतून, सिलिकॉनच्या चकत्यांतून जाताना अणुकेंद्राजवळ जरासा वळला तरी प्रकाशकण फेकतो आणि आपली ऊर्जा गमावतो. एलएचसीबीमध्ये मोठे चुंबक आहे आणि त्यात कणाची वाट किती वाकते यावरून त्याचा संवेग काढतात. इलेक्ट्रॉनने चुंबकाच्या आधीच ऊर्जा गमावली असेल तर काढलेला संवेग कमी भरतो आणि मूळ बी मेसॉनचे वस्तुमान चुकीचे येते. त्यावर उपाय म्हणून चुंबकाच्या आधी इलेक्ट्रॉनची जी दिशा होती ती सरळ पुढे वाढवून ऊर्जामापकावर कुठे पोहोचते ते पाहतात, तिथे एखाद्या प्रकाशकणाचा ठसा सापडला तर त्याची ऊर्जा इलेक्ट्रॉनच्या खात्यात परत जमा करतात. कधी तो ठसा सापडत नाही, कधी दुसऱ्याच कोणाचा सापडतो. म्हणून म्युऑनच्या बाबतीत बी मेसॉनचे वस्तुमान आलेखावर सुईसारखे टोकदार शिखर दाखवते आणि इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तेच शिखर पसरट, एका बाजूला लोळलेले असते. शिवाय कोणत्या टकरी साठवायच्या याचा झटपट निर्णय घेणारी यंत्रणाही इलेक्ट्रॉनच्या बाबतीत कडक अटी लावत असे. या सगळ्यामुळे घडलेल्या इलेक्ट्रॉन क्षयांपैकी कितीतरी नजरेआड होतात. ३,८५० आणि १,६४० हे दिसलेले क्षय. घडलेले किती, हे काढायला प्रत्येक संख्येला तिच्या दिसण्याच्या शक्यतेने भागावे लागते.

सातपूरकर

मी एमआयडीसीत तीस वर्षे तपासणी विभागात काढली, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच प्रश्न आला: ही 'दिसण्याची शक्यता' बरोबर काढली आहे, याला पुरावा काय? आमच्याकडे मायक्रोमीटर रोज सकाळी मास्टर पीसवर तपासतात. त्यांचा मास्टर पीस कोणता?

गंगापूररोडकर

त्यांचा मास्टर पीस फार सुंदर आहे. बी मेसॉनचा केऑन आणि जे-साय नावाचा कण असाही क्षय होतो आणि तो नेहमीच्या मोकळ्या वाटेने होत असल्यामुळे मुबलक सापडतो. हा जे-साय पुढे इलेक्ट्रॉनच्या किंवा म्युऑनच्या जोडीत फुटतो, दोन्हींचे प्रमाण प्रत्येकी सुमारे सहा टक्के. हे प्रमाण सारखेच असते, हे इतर प्रयोगांनी स्वतंत्रपणे पक्के केलेले आहे. शेवटी हाती येणारे कण अगदी दुर्मिळ क्षयातल्यासारखेच: एक केऑन, दोन लेप्टॉन.

म्हणून दुर्मिळ क्षयांच्या गुणोत्तराला जे-सायवाल्या गुणोत्तराने पुन्हा भागतात. दुहेरी गुणोत्तर. इलेक्ट्रॉन दिसण्यातली अडचण दोन्हीकडे जवळपास सारखी असल्यामुळे ती छाटली जाते. आणि तपासणी म्हणून एकट्या जे-सायचे गुणोत्तर, काहीही न छाटता, नुसत्या काढलेल्या कार्यक्षमतेवरून मोजतात. २०२१ मध्ये ते ०.९८१ आले, अनिश्चितता ०.०२०. म्हणजे १ ला धरून. ही तपासणी वाचूनच मी निर्धास्त झालो होतो.

निफाडकर

म्हणजे दोन भुईकाटे आहेत आणि कोणता किती चुकतो माहीत नाही, म्हणून वजन माहीत असलेली एकच ट्रॉली दोन्हींवर घालून पाहायची. हे समजले. पण सर, लासलगावात काटा बरोबर असला तरी व्यवहार तिथे संपत नाही. लिलाव होतो, भरलेली ट्रॉली काट्यावर जाते, आणि मग खळ्यावर माल ओतल्यावर खालून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निघते, ढेकळे निघतात, आणि व्यापारी वांधा काढतो. काट्यात काहीच खोट नसते.

सातपूरकर

निफाडकर यांनी माझ्या तोंडचे वाक्य घेतले. मायक्रोमीटर मास्टरवर शून्य दाखवत असेल आणि जॉबच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धार, राहिली असेल, तर मापात बरही मोजली जाते. उपकरण निर्दोष, माप चूक.

गंगापूररोडकर

दोघांना नमस्कार. हे मला त्या मुलीला सांगता आले असते तर किती बरे झाले असते.

अगदी हेच घडले. इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्या कणांत काही इलेक्ट्रॉन नव्हतेच. ते पायॉन (क्वार्कांचेच बनलेले हलके कण) आणि केऑन होते, ऊर्जामापकात त्यांनी इलेक्ट्रॉनसारखा ठसा सोडला आणि ते गाळणीतून सुटले. असा गोंधळ शेकड्यात फार थोड्या वेळा होतो, परंतु बी मेसॉनचे केवळ पायॉन आणि केऑन देणारे क्षय दुर्मिळ क्षयाच्या मानाने भरमसाट असतात. त्यामुळे त्यातल्या अगदी थोड्यांनी वेष बदलला तरी वीस लाखांत एक अशा नाजूक संख्येत त्यांची भर जाणवते. इलेक्ट्रॉनची संख्या फुगली, छेद फुगला आणि गुणोत्तर खाली आले.

आता जे-सायची तपासणी ही भेसळ का पकडू शकली नाही, हे पाहा, कारण मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जे-सायमार्गे होणारा क्षय दुर्मिळ क्षयाच्या शंभरपटीहून अधिक वेळा घडतो. त्या ढिगात तीच भेसळ मिसळली तर तिचा टक्का नगण्य भरतो आणि गुणोत्तर १ च राहते. थोडक्यात, ती तपासणी काट्याची होती, मालाची नव्हती. दुहेरी गुणोत्तर भागाकाराने येणाऱ्या चुका छाटते. बेरजेने येणाऱ्या चुका छाटत नाही. हे वाक्य मी २०२१ मध्येच स्वतःला ऐकवायला हवे होते.

२०२२ च्या विश्लेषणात साधा केऑन आणि उत्तेजित केऑन या दोन्हींचा अभ्यास एकत्र केला गेला. इलेक्ट्रॉन ओळखण्याचे निकष कडक केले, तेव्हा गुणोत्तर जागचे हलू लागले. निकष कडक केल्याने दोन्ही प्रकारचे खरे क्षय थोडे कमी व्हावेत, पण भागाकार तोच राहावा. तो हलतो म्हणजे आत काहीतरी उपरे आहे. मग ओळखीच्या कसोटीत मुद्दाम नापास ठरलेले कण बाजूला काढून त्यांच्यावरून भेसळीचे प्रमाण आणि आकार काढला, आणि कडक निकषांनंतरही जी शिल्लक राहते ती हिशेबात धरली. या दोन्ही दुरुस्त्यांनी मिळून आकडा ०.८४६ वरून ०.९४९ वर गेला. पूर्वीही या भेसळीचा विचार केलेला होताच. मात्र ती जेवढी धरली होती त्याहून जास्त निघाली, विशेषतः एकाच क्षयात दोन-दोन कण इलेक्ट्रॉनचे सोंग घेतात तेव्हा.

शंकेखोर

सर्वांचे आभार, पण माझी शंका निराळी आहे आणि जरा कडू आहे. ३.१ सिग्मा म्हणजे योगायोगाने असे घडण्याची शक्यता हजारात एक, असे तेव्हा आपल्याला सांगितले गेले. वर्तमानपत्रांनी ते छापले. आता समजते की तो योगायोग नव्हताच, चूक होती. मग त्या 'हजारात एक'ला अर्थ काय उरतो? आणि पाच सिग्मांचा एवढा डंका पिटतात, तिथेही असेच होणार नाही कशावरून?

अणुरेणू

शंकेखोर, शंका रास्त आहे. मी कणभौतिकीत काम केलेले आहे, म्हणून जरा आतून सांगते. सिग्माचा आकडा माहीत असलेल्या अनिश्चिततांचा हिशेब देतो. त्यात दोन भाग असतात: मोजलेल्या घटनांची संख्या मर्यादित असल्यामुळे येणारा हेलकावा, आणि उपकरण व पद्धती यांतील ज्या त्रुटी ओळखून त्यांचे माप ठरवले आहे त्या. जी त्रुटी कोणाच्या यादीतच नाही किंवा जिचे माप कमी धरले आहे, तिचा पत्ता सिग्माला नसतो. त्यामुळे 'हजारात एक' हे वाक्य 'आमची यादी पूर्ण असेल तर' या अटीसह वाचायचे असते. वर्तमानपत्रांनी ती अट गाळली आणि, गंगापूररोडकर सर रागावणार नाहीत अशी आशा आहे, व्याख्यात्यांनीही गाळली.

पाच सिग्मांची रीत, म्हणजे सुमारे पस्तीस लाखांत एक, ही केवळ हेलकाव्यांपासून बचाव म्हणून नाही. तेवढे अंतर असले तर यादीतली एखादी त्रुटी थोडी कमी धरली गेली असली तरी निष्कर्ष तग धरतो, हाही हेतू त्यात आहे. पण तीही हमी नव्हे. खरी हमी वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या लोकांनी, वेगळ्या भेसळीसह केलेल्या मोजणीची.

एक गोष्ट मात्र त्या गटाच्या बाजूने सांगायला हवी. अशा विश्लेषणांत अंतिम आकडा शेवटपर्यंत झाकून ठेवतात; पद्धत ठरली, तपासण्या झाल्या की मगच उघडतात, म्हणजे मनाजोगता आकडा येईपर्यंत पद्धत वाकवता येत नाही. आणि स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या निकालाला स्वतःच सुरुंग लावणारे विश्लेषण त्याच गटाने, त्याच विदेवर केले. बाहेरच्या कोणी पकडले नव्हते.

गंगापूररोडकर

रागावण्याचा प्रश्नच नाही. गाळली होती.

शंकेखोर

अणुरेणू ताई, पटले, निदान बरेचसे. अजून एक विचारतो. पायॉन जवळपास नेहमीच म्युऑनमध्ये फुटतो, इलेक्ट्रॉनमध्ये क्वचितच, असे बारावीनंतरच्या एका पुस्तकात वाचल्याचे आठवते. मग सार्वत्रिकता तिथेच मोडली नाही का? त्यासाठी एवढ्या मोठ्या यंत्राची गरज काय?

चांदवडची लेक

याचे उत्तर मी देऊ का? नुकताच अभ्यास झाला आहे.

विद्युतभारित पायॉनचा क्षय इलेक्ट्रॉनमध्ये होण्याचे प्रमाण म्युऑनच्या तुलनेत सुमारे १.२३ दशसहस्रांश आहे, म्हणजे आठ हजारांत एकाच्या आसपास. वरकरणी हा पक्षपात वाटतो, आणि तोही उलटा, कारण हलक्या इलेक्ट्रॉनला पळायला मोकळीक जास्त असते. पण कारण बलाच्या ताकदीत नाही. पायॉनला फिरकी नसते, म्हणून त्यातून निघणारे दोन कण, लेप्टॉन आणि न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, यंत्राला जवळपास न दिसणारा कण), आपापल्या फिरक्या एकमेकींना रद्द करतील अशाच ठेवतात. क्षीण बलातून निघणारा न्यूट्रिनो एकाच बाजूला फिरतो. त्यामुळे समोरच्या लेप्टॉनला त्याच्या स्वभावाविरुद्धच्या बाजूला फिरावे लागते. कण जितका हलका आणि वेगवान, तितके हे अवघड. वस्तुमान शून्य असते तर ते अशक्यच झाले असते. म्युऑन जड आणि संथ आहे म्हणून त्याला ते साधते. फरक पूर्णपणे वस्तुमानातून येतो आणि 'दोघांवर बल सारखेच' असे गृहीत धरून काढलेले प्रमाण मोजलेल्या प्रमाणाशी जुळते. म्हणून सार्वत्रिकतेच्या बाजूचा तो एक उत्तम पुरावा आहे, विरुद्ध बाजूचा नव्हे.

बी मेसॉनच्या दुर्मिळ क्षयात ऊर्जा इतकी असते की, इलेक्ट्रॉन आणि म्युऑन दोघेही हलकेच ठरतात, म्हणून तिथे अपेक्षा सरळ १ ची. टाऊ आला की पुन्हा वस्तुमानाचा हिशेब धरावा लागतो.

आणि सर, एक विनंती. जुनी पारदर्शिका काढून टाकू नका. त्यावर एक रेघ मारून खाली नवा आकडा लिहा आणि पुढच्या वर्गाला दोन्ही दाखवा.

गंगापूररोडकर

ओळखले. तसेच करतो.

अणुरेणू

उत्तर चोख आहे, त्यात मला काही भर घालायची नाही. मात्र मूळ लेखातील सूर पाहता एका बाबतीत सरांशी माझा मतभेद नोंदवते. '०.८४६ गेला' हे खरे. पण त्यावरून 'या क्षेत्रातली सर्व विसंगती मिटली' असा अर्थ कोणी घेऊ नये. गुणोत्तरे १ वर आली म्हणजे इलेक्ट्रॉन आणि म्युऑन सारखे वागतात, एवढेच ठरले. दोघांचेही प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी असू शकते, आणि म्युऑनवाल्या काही क्षयांचे प्रमाण तसे आजही कमी मोजले जाते. बाहेर पडणाऱ्या कणांच्या कोनांचे एक माप आहे, पी-पाच-प्राइम नावाचे, तेही २०१३ पासून अपेक्षेशी नीट जुळत नाही. तिथे वाद हा आहे की, चार्म क्वार्कच्या वळशांमुळे तीव्र बलाची जी गुंतागुंत येते ती सिद्धांतवाल्यांनी पुरेशी धरली आहे का. गुणोत्तराने ती कटकट छाटली जायची, इथे नाही. माझा कल हिशेब अपुरा असल्याकडे आहे. माझ्या ओळखीचे निम्मे लोक याच्या उलट बोलतील.

सातपूरकर

आणि टाऊ? चांदवडच्या ताईंनी नाव काढले म्हणून विचारतो. सगळी चर्चा इलेक्ट्रॉन-म्युऑनची झाली, सर्वांत जड भिडूची तपासणी कोणी केली?

अणुरेणू

केली आहे, आणि गंमत म्हणजे तिथला वांधा अजून उभा आहे.

तो क्षय दुर्मिळ नाही. बॉटम क्वार्कचा चार्म क्वार्क होतो, बी मेसॉनचा डी मेसॉन होतो आणि सोबत एक लेप्टॉन व न्यूट्रिनो निघतो. ही मोकळी वाट आहे. टाऊवाल्या क्षयाला हलक्या लेप्टॉनवाल्या क्षयाने भागायचे. टाऊ जड असल्यामुळे अपेक्षा १ ची नसते: साध्या डी मेसॉनसाठी सुमारे ०.३०, उत्तेजित डी मेसॉनसाठी सुमारे ०.२५. कॅलिफोर्नियातल्या बाबर प्रयोगाने २०१२ मध्ये अनुक्रमे ०.४४० आणि ०.३३२ मोजले, दोन्ही मिळून अपेक्षेपासून ३.४ सिग्मा दूर. पुढे जपानचा बेल आणि सर्नचा एलएचसीबी यांनीही मोजणी केली. आकडे अपेक्षेच्या जवळ सरकले, पण बहुतेक अजून वरच्या बाजूला आहेत आणि सर्वांच्या एकत्रित सरासरीचे अंतर आजही तीन सिग्मांच्या आसपास आहे.

इथे आर-केसारखे होईल का, असे कोणी विचारण्याआधी सांगते: इथली अडचण निराळी आहे. टाऊ स्वतः दिसतच नाही. तो क्षणात फुटतो आणि फुटताना आणखी न्यूट्रिनो देतो. टाऊपासून म्युऑन निघाला तर एकूण तीन न्यूट्रिनो यंत्राला चकवून निघून जातात आणि मागे जो म्युऑन उरतो तो थेट क्षयातल्या म्युऑनसारखाच असतो. दोघांना वेगळे करायचे ते केवळ हरवलेल्या ऊर्जेच्या अंदाजावरून. शिवाय डी मेसॉनच्या अधिक जड, नीट न अभ्यासलेल्या रूपांतून येणारे क्षय टाऊसारखे भासतात. सातपूरकरांच्या भाषेत, इथे बर कुठल्या कडेला आहे तेही पुरते ठाऊक नाही.

म्हणून सगळ्यांचे लक्ष जपानमधल्या त्सुकुबा इथल्या बेल-टू प्रयोगाकडे आहे. तिथे ७ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि ४ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचे पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे प्रतिकण) एकमेकांवर आदळवतात आणि ऊर्जा अशी बेतलेली असते की नेमके दोन बी मेसॉन जन्माला यावेत, सोबत इतर कचरा नाही. त्यातला एक संपूर्ण जोडून घेतला की दुसऱ्याची ऊर्जा आणि दिशा वजाबाकीने कळते, आणि न्यूट्रिनोंनी किती नेले याचा हिशेब लागतो. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत ही सोय नाही. शिवाय तिथे इलेक्ट्रॉन आणि म्युऑन दिसण्याची शक्यता जवळजवळ सारखी असते, त्यामुळे ३,८५० आणि १,६४० असा तिढाच पडत नाही. मात्र तिथे बी मेसॉन एलएचसीबीच्या मानाने फार कमी तयार होतात, म्हणून दुर्मिळ क्षयांची संख्या जमायला वेळ लागतो.

निफाडकर

या बेल-टूमध्ये आपले लोक आहेत का? मुलगी दहावीला आहे, तिला दाखवायला विचारतो.

अणुरेणू

आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि देशातल्या अनेक आयआयटी त्यात आहेत. बी मेसॉन कुठे फुटला ती जागा दाखवणाऱ्या सिलिकॉन शोधकाचे चार थर आहेत, तिसरा ते सहावा अशी त्यांची मोजणी करतात. त्यातल्या चौथ्या थराच्या बांधणीची जबाबदारी टाटा संस्थेच्या गटाकडे होती. मुलीला शोधकयंत्राचे चित्र दाखवणार असाल तर मधल्या नळीपासून बाहेर मोजत यायला सांगा. आधी पिक्सेलचे दोन थर लागतील, मग हे चार.

निफाडकर

छापून घेतो. आणि सर, लाल कांदा सुरू झाला की एकदा लासलगावला या, वांधा कसा निघतो ते प्रत्यक्ष दाखवतो.